मुलगी बघायला येणार, मला माहेरी जायला सांगतायत

डिचोलीकरीण: चौथीत मेंदूज्वर झाला, दोन्ही कान गेले. ओठ वाचते, बोलते. तरी गणेश चवथीला पाहुणे सासूबाईंना विचारतात, "ही चहा घेते ना?" मी समोरच माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, सुपारीचा घड बांधत असते! आता नणंदेच्या मुलीला बघायला येणार, तर म्हणे बहिरेपण घराण्यात आहे असं त्यांना वाटेल, त्या दिवशी माहेरी जा. काय करू?

फोंडेकर: मेंदूज्वराने गेलेलं ऐकणं वंशात उतरत नाही. आणि तुम्ही तर तिच्या मामी, रक्ताचं नातंच नाही! हे तुमच्या नवऱ्याने सांगावं, तुम्ही नव्हे.

साखळीची आजी: माझा नातू खुणांनी बोलतो. बाजारात लोक टक लावून बघतात, मग मी मुद्दाम मोठे हातवारे करते. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था निघाली, तिचा शब्दकोश नेटवर फुकट आहे. चहा-पाण्याच्या खुणा सासूबाईंना शिकव गो.

डिचोलीकरीण: मामीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! ह्यांना दाखवलं, आईशी बोलतो म्हणाले. मी कुठे जात नाही. पाहुण्यांना खिडकीकडे तोंड करून बसवीन, म्हणजे ओठांवर उजेड पडेल.