इतके दिवस होते कुठे?
मार्व्हलच्या सुपरहिरोपटांच्या सामाईक जगात 'एक्स-मेनना (जन्मजात शक्ती असलेल्या म्युटंट्सना) सरळ आणून टाका, खुलासे कशाला' असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. खलनायक थॅनोसने चुटकी वाजवून अर्धी जीवसृष्टी नाहीशी केली तेव्हा ही मंडळी कुठे होती, हे कोणीतरी विचारणारच. 'इटर्नल्स' चित्रपटात (२०२१) त्या वीरांना हाच प्रश्न आला, तो 'डेव्हियंट्स (त्यांचे राक्षसी शत्रू) नसतील तर मधे पडायचं नाही असा हुकूम होता' म्हणून एका संवादात उरकलं. मला ती पळवाटच वाटली. 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' या टोळीचं बरं होतं: २०१४ मध्ये दूर अंतराळात आले, अ‍ॅव्हेंजर्सशी (पृथ्वीवरच्या सुपरहिरोंच्या चमूशी) गाठ पडली २०१८ ला. तोवर त्यांतले रॉकेट नि ग्रूट प्रेक्षकांना घरचेच झाले होते. फँटॅस्टिक फोर या सुपरहिरो चौकडीला तर वेगळी पृथ्वीच दिली! म्युटंट्सचं दुखणं मात्र निराळं आहे. त्यांची गोष्टच लोकांच्या द्वेषावर उभी. ज्या जगात रस्त्यात सुपरहिरो थॉर दिसला की पोरी सेल्फी मागतात, तिथे डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या पोरालाच लोक का घाबरतील?