मदत हवी आहे: ‘द मिरॅकल सीझन’ आई-बाबांना दाखवावा का?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण व्हॉलीबॉल खेळायची. सेटर होती, म्हणजे स्मॅश मारणारीला बॉल उचलून देणारी. कोर्टवर सगळे तिला लिफ्टर म्हणायचे. पुढच्या महिन्यात तिला जाऊन दोन वर्षं होतील. रस्त्यावरचा अपघात. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. बाबा तिच्या एकूण एक मॅचला जायचे. खिशात छोटी वही असायची, तिच्यात पेन्सिलीने टिपून ठेवायचे, कुठला बॉल छान उचलला, कुठला नेटला चिकटला. ती गेल्यापासून बाबांनी घरात खेळाचं नावही काढलेलं नाही. टीव्हीवर कुठलीही मॅच लागली की उठून आत जातात. आईचं उलट आहे. तिला बहिणीबद्दल बोलायचं असतं, पण बाबा उठले की तीही गप्प होते.

परवा बहिणीच्या संघातल्या मुलींचा फोन आला. तिच्या स्मृतिदिनी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा असं त्यांनी ठरवलंय, ‘द मिरॅकल सीझन’, २०१८ चा. हेलन हंट त्यात प्रशिक्षक आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली २०११ सालची खरी गोष्ट. शाळेच्या व्हॉलीबॉल संघातली सगळ्यांची लाडकी सेटर अपघातात जाते आणि उरलेल्या मुली तो हंगाम खेळून काढतात. “ताई, काका-काकूंनाही बोलावू या ना. शेवटी त्या जिंकतात,” असं त्या म्हणाल्या. मला नाही म्हणवेना. हो सुद्धा म्हणवेना.

ट्रेलर लावला आणि अर्ध्यावर बंद केला. त्यामुळे ज्यांनी सिनेमा पूर्ण बघितला आहे त्यांनाच विचारते. अपघात किती दाखवलाय? त्या मुलीचे आई-वडील गोष्टीत आहेत का, की नुसत्या मुली आणि ट्रॉफी? आणि मुख्य म्हणजे, जिंकलं की दुःख फिटलं असं तो सिनेमा म्हणतो का? तसं असेल तर बाबांसमोर मी तो लावणार नाही. “बघा, त्या सावरल्या, आता तुम्हीही सावरा” असं आम्ही सगळे मिळून त्यांना सुनावतोय असं त्यांना वाटलं तर? भीती त्याची आहे.

दुसरा एखादा सिनेमा सुचत असेल तर तोही सांगा. मुलींना रविवारपर्यंत कळवायचं आहे.

उत्तररात्र:
बाकी सगळं नंतर, आधी एक गोष्ट. या सिनेमात एक नाही, दोन मृत्यू आहेत. त्या मुलीची आई कर्करोगाने आजारी असते आणि लेक गेल्यावर काही दिवसांतच तीही जाते. खऱ्या घटनेतही असंच झालं होतं, दोन आठवड्यांच्या आत. ट्रेलर अर्धाच बघितला म्हणालात म्हणून मुद्दाम सांगते.

अपघाताच्या तपशिलात कॅमेरा रेंगाळत नाही, तेवढी काळजी करू नका. वडील आहेत आणि चांगले ठळक आहेत. विल्यम हर्टने केलेत. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात खरं काम त्यांचंच. स्वतः डॉक्टर असलेला माणूस, आणि बायको-मुलगी दोघींनाही वाचवू शकलेला नाही. ते पडद्यावर आले की मला पुढचे सामने, स्कोअर, काहीच नको वाटायचं.

धागाकर्ती:
उत्तररात्र, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. माझ्या आईवर तीन वर्षांपूर्वी कर्करोगाचे उपचार झालेत. आता ती बरी आहे, तपासण्या चालू असतात. मुलींना हे माहीत नाही, बहिणीने संघात कुणाला सांगितलं नव्हतं. मी काहीच न विचारता हो म्हणाले असते तर आई तिथे सगळ्यांच्या मधे बसलेली असती. हात थरथरतोय लिहिताना.

नेटपलीकडे:
शाळेच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो, म्हणून खेळाच्या बाजूने लिहितो.

सेटर गेली म्हणजे संघाचं नेमकं काय होतं हे न खेळलेल्याला पटकन उमगत नाही. तीन स्पर्शांतला मधला स्पर्श तिचा. पहिला पास कसाही येवो, दुसरा बॉल तिच्याकडे जाणार, आणि स्मॅश कुणी मारायचा ते ती ठरवणार. त्या एका क्षणात बाकीच्या पाच जणींची नजर तिच्या हातांवर असते. ती नसली की प्रत्येक रॅलीत, दुसऱ्या बॉलला, ती नाही हे नव्याने कळतं. एका सेटमध्ये चाळीस-पन्नास वेळा. सिनेमात ती जागा तिच्या जिवलग मैत्रिणीला घ्यावी लागते. जिची जागा घ्यायची तिच्याचसाठी रडायचं आणि बॉलही नीट उचलायचा, हा भाग मला आतून पटला.

बाकीचे सामने मात्र गाण्यांवर जोडून पळवलेत. फायनलला दोन सेट मागे पडून पुढचे तीन जिंकतात. खऱ्या संघानेही ते केलं, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. पण जो पाचवा सेट पंधरा गुणांवरच संपतो, ज्यात एक चुकलेली सर्व्हिससुद्धा महागात पडते, त्याची धाकधूक पडद्यावर नाही. मुली जिंकणार हे सिनेमाला पहिल्यापासून माहीत असल्यासारखं वाटतं.

तुमच्या बहिणीच्या मैत्रिणींनी हा सिनेमा जरूर बघावा. त्यांच्यासाठीच तो आहे. तुमच्या बाबांबद्दल मला काही सांगता येणार नाही.

तिसरी_पायरी:
मुलगा गमावलेला बाप आहे. म्हणून लिहितो, एरवी या विषयावर मी लिहीत नाही.

हा सिनेमा मला आवडला नाही. जिंकल्यावर सगळे एकमेकांना मिठ्या मारतात तिथे मी बंद केला. आता त्या मुलीचा बाप घरी जाईल, दार उघडेल, आणि आत कोणी नसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. ज्यांनी बनवला त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला कळतं. तरी.

मला जवळचा वाटला तो २०२० चा ‘द वे बॅक’. बेन अफ्लेक त्यात बांधकामावर काम करणारा, रात्रंदिवस पिणारा माणूस आहे. एकेकाळी शाळेचा बास्केटबॉलमधला मोठा खेळाडू. त्याच शाळेचा हरत आलेला संघ त्याच्याकडे सोपवतात. त्याचा मुलगा गेलाय हे आपल्याला बराच वेळ कळतच नाही, कारण तो कुणाशी बोलतच नाही. संघ जिंकायला लागतो आणि वाटतं, झालं, सावरला. तर नाही. तो पुन्हा कोसळतो, प्रशिक्षकपद जातं, आणि शेवटचा महत्त्वाचा सामना मुलं त्याच्याशिवाय खेळतात. तो दूर एकटाच बास्केटमध्ये बॉल टाकत असतो. त्याला कुणी बक्षीस देत नाही, बरा झाला असं म्हणत नाही. त्या शेवटी मी पहिल्यांदा मोकळा रडलो. माझ्या बायकोला मात्र हा सिनेमा सोसला नाही, हेही सांगतो. मूल आजारपणात गेलेलं आहे आणि दारू खूप आहे, तेव्हा तुमच्या आईंना नको.

ताई, एक विनंती. बाबांना अचानक नेऊन बसवू नका. काय आहे ते आधी सांगा आणि ‘नको’ म्हणायची जागा ठेवा. आम्हाला लोकांनी फार वेळा न विचारता सावरलं.

पाऊलवाट:
सगळेच प्रेरणादायी सिनेमे एका मापाने मोजू नयेत म्हणून लिहिते. ‘वी आर मार्शल’, २००६ चा. १४ नोव्हेंबर १९७० ला अमेरिकेतल्या मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) संघाचं विमान कोसळलं. खेळाडू, प्रशिक्षक, सोबत गेलेले गावकरी, विमानातले सगळे ७५ जण गेले. संघ पुन्हा उभा करायचा की कायमचा बंद करायचा, यावर अख्ख्या गावात दोन तट पडतात, आणि सिनेमा खेळ नको म्हणणाऱ्यांनाही त्यांचं बोलू देतो. मुलगा गमावलेला एक बाप मैदानाकडे पाठ फिरवून असतो, आणि त्याला कोणी चूक ठरवत नाही. त्या मुलाची ठरलेली नवरी अजून त्याचीच अंगठी घालून फिरत असते. या दोघांचे प्रसंग बघा, बाकी विसरलात तरी चालेल.

१९७१ च्या हंगामात त्या नव्या संघाने दोन सामने जिंकले आणि आठ हरले. सिनेमा पहिल्या विजयाच्या आनंदावर संपतो हे खरं, पण पुढची हार तो लपवत नाही, सांगून टाकतो. धागाकर्तीच्या प्रश्नाचं त्यात थोडं उत्तर आहे असं मला वाटतं. तिथे खेळल्याने दुःख फिटत नाही. शनिवारी, सामन्याच्या दिवशी, कुठे जायचं एवढं फक्त ठरतं.

तिसरी पायरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत, बरं केलंत.

शाईचा_डाग:
छोटीशी भर. ‘सत्यकथेवर आधारित’ या पाटीवर फार विसंबू नका. २००७ चा ‘ग्रेसी’ बघा. मोठा भाऊ अपघातात जातो आणि बहीण त्याच्या जागी मुलांच्या फुटबॉल संघात खेळायचं ठरवते, गोष्ट १९७८ मधली. अभिनेत्री एलिझाबेथ शूच्या घरची ही हकीकत. ती लहानपणी मुलांच्या संघात खरंच खेळली होती, पण भाऊ गेला १९८८ मध्ये. दोन वेगळ्या काळातल्या गोष्टी पडद्यावर एकमेकींचं कारण झाल्यात. सिनेमा मनापासून केलाय, शूने त्यात आईचं काम केलंय. पण घरचं माणूस गेलं की लगेच त्यातून काहीतरी घडलंच पाहिजे, ही घाई सिनेमाची असते. माणसाला तसं होत नाही.

आणि ‘डज द डॉग डाय’ नावाचं संकेतस्थळ आहे. सिनेमात लहान मूल जातं का, आई-बाप जातात का, कर्करोग आहे का, अशी माहिती प्रेक्षकांनीच तिथे भरलेली असते. आईंसाठी काहीही निवडण्याआधी तिथे बघत जा.

ओंजळ:
शोकग्रस्त कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते. तुमच्या आई-बाबांना मी भेटलेले नाही, तेव्हा सल्ला नाही, ओळख म्हणून फक्त.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. त्या १९६९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या पुढे चिकटल्या. मला कामात जास्त उपयोगी पडलं ते मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन टोकांमध्ये झुलत असतो. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी रोजच्या जगण्याकडे. दोन्ही लागतं, कुठल्याही एकाच टोकाला कायमचं बसणं त्रासाचं. घरात अडचण होते ती दोघांचे झोके एकाच वेळी एका बाजूला नसतात म्हणून. आई गेलेल्या लेकीकडे झुकलेली असते तेव्हा बाबा उठून जातात. याचा अर्थ बाबांना आठवण येत नाही असा नाही. उठून जाणं हासुद्धा त्यांच्या आठवणीचाच भाग असेल.

सिनेमाचा एक उपयोग मी बघितला आहे. शेजारी बसून दोघांनी तिसरीकडे बघायचं असतं. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. काहींना त्यामुळे बोलता येतं. पण वीस जणांसमोर क्वचितच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही पुन्हा पुन्हा. काय झालं ते लिहिते.

आधी आईला सरळ सांगितलं. सिनेमात काय आहे, मुलगी कशी जाते, आईला काय झालेलं असतं, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, “मला नाही बघायचा. पण पोरींना बघू दे, त्यांना माझ्यामुळे अडवू नकोस. नंतर त्यांना घरी घेऊन ये, मला त्यांच्याशी बोलायचंय.” मी उगाच तिच्या वतीने सगळं ठरवत बसले होते.

मग काल रात्री एकटीने बघायला बसले. हेडफोन लावला होता, त्यामुळे बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. बराच वेळ उभे असणार. मैत्रीण सेटर म्हणून सराव करते तो भाग चालू होता. मी बंद करायला गेले तर म्हणाले, “राहू दे.” मी हेडफोन काढला. दहाएक मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बॉलखाली उशिरा पोचते ही. आपली आधी पोचायची.”

एवढंच. पुढे आत गेले. पण ते कपाट उघडत होते हे मला बाहेर ऐकू आलं, आणि सकाळी ती वही टेबलावर होती.

मुलींना आता कळवते आहे. सिनेमा त्यांनी त्यांचा बघायचा. संध्याकाळी आईला भेटायला घरी यायचं. बाबांना मी अजून काही विचारलेलं नाही. वही तिथेच राहू दिली आहे. तिसरी पायरी, तुम्ही सांगितलेला सिनेमा मी लिहून ठेवलाय. त्यांनी कधी विचारलं तर सांगेन.