मुलाची रुग्णवाहिकेवरची पहिली शिफ्ट : काय तयारी करून पाठवू?

निशिगंध
मुलाला १८ पूर्ण झाली, बारावीनंतर पॅरामेडिकच्या डिप्लोमाला आहे. १५ दिवसांनी रुग्णवाहिकेवर पोस्टिंग, १२-१२ तासांच्या शिफ्ट, सोबत डॉक्टर आणि पायलट (म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक). कॉलेजने एप्रन आणि बूट एवढंच सांगितलंय. लसी, सामान, आधी काय शिकून जावं? घाटात त्याला गाडी लागते, तीही काळजी आहे.

केतकी
ताई, आधी लसीचं बघा, वेळ तिथेच लागतो. हेपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. लहानपणी दिली असली तरी अँटी-एचबीएस टायटर करून घ्या, म्हणजे लसीचं संरक्षण अंगात किती उरलंय ते बघणारी रक्ततपासणी. आकडा १० च्या आत आला तर डॉक्टरांना विचारून डोस सुरू करा आणि सुयांचं काम त्याने तोवर घेऊ नये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही तपासा.

एप्रनचा घोळ स्ट्रेचरच्या पायात अडकतो. परवानगी असेल तर अंगासरशी शर्ट-पँट द्या. जाळीचे स्पोर्ट्‌स शूज नकोत, रक्त थेट मोज्यात उतरतं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, आपल्या मापाचे ग्लोव्ह्‌ज, प्लॅस्टिक पिशवीत कपड्यांचा एक जोड. अंगठी, कडं घरी. आणि पेशंटचा फोटो कधीही नाही, मित्रांना दाखवायलासुद्धा.

सावळाघाट
माझ्या मते त्याने पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट पक्की करावी : ऑक्सिजन.

शिफ्ट हातात घेताना सिलिंडरचं गेज, म्हणजे दाबाचा काटा, स्वतः बघायचं, आधीच्या शिफ्टच्या नोंदीवर जायचं नाही. हिशोब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता (आत किती लिटर पाणी मावेल ती) गुणिले काट्यावरचा दाब बारमध्ये, म्हणजे उरलेले लिटर. बी टाइप १० लिटरचा, १५० बारला १५०० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडले तर अडीच तास. पण काटा ५० वर असेल तर ५००, त्यातले २०० राखीव, म्हणजे हातात फक्त अर्धा तास. जिल्हा रुग्णालय तासाभरावर असेल तर हे निघण्याआधीच कळायला हवं.

रेग्युलेटर बसवल्यावर फुसफुस आली तर बहुधा वॉशर झिजलेलं असतं, जादा वॉशर गाडीत आहे का बघायचं. हाताला तेल किंवा व्हॅसलिन लागलेलं असताना व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, पेट घेऊ शकतो. पिशवीचा मास्क लावण्याआधी आतल्या झडपेवर बोट ठेवून पिशवी फुगवून घ्यायची. नवखे हे विसरतात आणि धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर रिकामी पिशवी जाते.

सक्शनची, म्हणजे तोंडातली लाळ-उलटी ओढून घेणाऱ्या यंत्राची, नळी बोटाने बंद करून काटा ३०० मिमी पाऱ्याच्या वर जातो का तेही रोज बघावं.

रानजाई
गाडी लागण्याबद्दल : बाकावर आडवं बसून फॉर्म भरला की हमखास मळमळतं. चालत्या गाडीत आकडे मांडीवर चिकटवलेल्या टेपवर लिहायचे, फॉर्म गाडी थांबल्यावर. मधल्या खिडकीतून पुढचा रस्ता बघायचा. रिकाम्या पोटी जायचं नाही आणि तेलकटही नको, भाकरी किंवा केळं बरं. मळमळीच्या गोळीने झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारून सुट्टीच्या दिवशी आधी घेऊन बघावी.

बीपी घरी भरपूर सरावाने पक्का करू द्या. चालत्या गाडीत स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही. पेशंटचा हात लोखंडी कठड्यावर टेकलेला असेल तर थरथर कफमध्ये (दंडाला बांधायच्या पट्ट्यात) येते, हात उचलून धरायचा. मनगटाची नाडी जाईपर्यंत कफ भरायचा, वर आणखी ३०, मग सावकाश सोडायचा. नाडी परत लागते तो वरचा आकडा. खालचा आकडा अंदाजाने लिहायचा नाही, नुसतं १२०/पी, पी म्हणजे नाडी चाचपून घेतलेला.

निशिगंध
टायटरचं माहीतच नव्हतं, उद्याच करते. आणि सुई टोचलीच तर?

केतकी
साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. पिळायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. डॉक्टरांना त्याच क्षणी सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. ओरडा बसेल म्हणून मुलं शिफ्ट संपेपर्यंत गप्प राहतात, म्हणून हे त्याला तुम्हीच आधी सांगून ठेवा. सुईला टोपण परत लावताना टोचणं फार होतं. वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बंद.