डाएट कोला दातांना सेफ? काहीही!

बोळकं: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की "दात किडतात ते साखरेने, डाएटमधे साखरच नाही, बिनधास्त प्या." डोकंच फिरलं वाचून. अहो कीड वेगळी आणि झीज वेगळी! किडीला साखर लागते, जंतू ती खाऊन आम्ल सोडतात. झिजेला ना साखर लागते ना जंतू, ड्रिंकमधलं आम्लच पुरतं. साधारण ५.५ पीएचच्या (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, डाएट कोला असतो ३च्या आसपास, आणि पीएचचा एकेक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे शेकडोपट झालं की नाही? चार वर्षं कीबोर्डशेजारी डाएटची बाटली ठेवून दिवसभर घोट घोट प्यायलोय मी, आता पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात आणि गार पाणी लागलं की कळ थेट कानात. कीड? एकही नाही.

तिरकस: ते "कुणीतरी" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजलात का? वीस वर्षं पितोय, दात ठणठणीत. लाळ कशाला असते मग?

बोळकं: लाळेला ते आम्ल मारून सावरायला अर्धा तास तरी द्याल की नाही? तुम्ही जेवणाबरोबर एकदाच ग्लास संपवत असाल. माझा दर दहा मिनिटांनी घोट, तिला उसंत कधी मिळणार?

खळखळाट: सगळा दोष बुडबुड्यांचा. साधा सोडासुद्धा बंद करा.

बोळकं: नाही हो, बुडबुड्यांचं कार्बोनिक आम्ल दुबळं असतं. त्रास देतात ती वरून घातलेली फॉस्फोरिक आणि सायट्रिक.

बटवा: त्यापेक्षा सकाळी गरम लिंबूपाणी घ्या. अल्कलाइन असतं, आम्लाच्या अगदी उलट, मी सहा वर्षं घेतेय.

तिरकस: 😂 लिंबू अल्कलाइन? रसाचा पीएच दोन-अडीच, कोल्याचा सख्खा भाऊ!

बटवा: पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं. आधी वाचा मग हसा.

तिरकस: दात पोटात आहेत का तुमचे?

बटवा: बोलायची पद्धत बघा. मी लिंबूपाण्यानंतर लग्गेच ब्रश करते, कडक ब्रशने, त्यामुळे मला काही होत नाही.

बोळकं: अहो ताई, थांबा!! आम्लाने इनॅमल मऊ पडलेलं असतं, त्यावर तुम्ही लगेच घासताय. नुसत्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्यापाऊण तासाने, तोही मऊ. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

बटवा: मग हे डेंटिस्ट का नाही सांगत? आमच्याकडच्याने दोन वर्षं सेन्सिटिव्ह टूथपेस्ट माथी मारली, रोज काय पिता म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. दात शिवशिवतात म्हणूनच गेले होते ना त्याच्याकडे.

तिरकस: "मला काही होत नाही" म्हणालात ना आत्ता?

बटवा: तुमच्याशी बोलत नाहीये मी.

खळखळाट: म्हणजे सोडा चालेल ना?

बोळकं: साधा असेल तर खुशाल. लिंबू पिळू नका म्हणजे झालं.

तिरकस: आत्ता बॅटरी मारून आरशात पाहिलं. कडा आहेत जरा आरपार. वयाने असेल. स्ट्रॉ आणतो उद्यापासून, झालं समाधान? कोला सोडणार नाही.