प्लेस्टेशन ५ साठी जादा स्टोरेज : यूएसबीची डिस्क घ्यावी की आत बसणारा एसएसडी?

सिडकोकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी प्लेस्टेशन ५ चे सुरुवातीचे, डिस्क ड्राइव्ह असलेले मॉडेल आहे. त्याचे अंतर्गत स्टोरेज ८२५ जीबीचे म्हणतात, पण सिस्टीमचा वाटा वजा जाता गेमसाठी साधारण ६६७ जीबीच हाती लागते. हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या घरात जात असल्याने नवा टाकायचा म्हटले, की आधी कोणता काढायचा यावरून मुलगा आणि पुतण्या यांच्यात वाद ठरलेला असतो. पुतण्याचे बहुतेक गेम पीएस४ चे, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन ४ चे आहेत. मुलगा मात्र पीएस५ साठीच निघालेले नवे गेम खेळतो.

महात्मा गांधी रोडवरील एका दुकानात चौकशी केली, तेव्हा यूएसबीला जोडायचा १ टीबीचा पोर्टेबल एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपवरचे स्टोरेज) घ्या, सगळे गेम त्यावरूनच चालतील, असे सांगण्यात आले. कार्यालयातील सहकारी मात्र कन्सोलच्या आत बसणाराच घ्यावा, असे म्हणतात. शिवाय घरात १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. तिच्यात घरच्या लग्नकार्यांचे फोटो असून निम्मी जागा मोकळी आहे. तिच्यावरच भागत असेल तर नवा खर्च कशाला, असेही वाटते. आमच्या भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, हेही सल्ला देताना कृपया लक्षात घ्यावे.

गंगापूर रोड यांचे उत्तर

सर्वांत आधी, ती फोटोंची हार्ड डिस्क कन्सोलला गेमसाठी जोडू नका. प्लेस्टेशन कोणत्याही यूएसबी डिस्कवर गेम ठेवण्यापूर्वी ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करते आणि त्यात आधीचे सर्व काही पुसले जाते. निम्मी डिस्क फोटोंना आणि निम्मी गेमना, अशी वाटणी तिथे होत नाही.

आता दुकानदाराच्या विधानाविषयी. ते अर्धेच खरे आहे. यूएसबीवरून पीएस४ चे गेम थेट चालतात. पीएस५ चे गेम एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून यूएसबी डिस्कवर नुसते ठेवता येतात. खेळायचे असतील तर ते पुन्हा आतल्या स्टोरेजमध्ये आणावे लागतात. डिस्क कितीही महाग आणि वेगवान असली, तरी हा नियम बदलत नाही. यूएसबी डिस्क म्हणजे घरातला माळा समजा : सामान ठेवता येते, राहता येत नाही. याचे कारण असे, की पीएस५ चे गेम आतल्या एसएसडीच्या सेकंदाला साडेपाच जीबी या वाचनवेगावर विसंबून लिहिलेले असतात, आणि कन्सोलचे सर्वांत वेगवान यूएसबी पोर्टही सेकंदाला १० गिगाबिट, म्हणजे हिशेबाने जेमतेम सव्वा जीबीपर्यंतच पोहोचतात.

त्यामुळे तुमचा निर्णय डिस्कच्या जातीवर नव्हे, तर कोण काय खेळतो यावर ठरतो. मुलासाठी आत बसणारा एम.२ एसएसडी (पट्टीच्या आकाराचा एसएसडी) हाच उपाय आहे. पुतण्याच्या पीएस४ गेमसाठी साधी २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्कही पुरेशी आहे; एसएसडी घेतल्यास लोडिंग लवकर होईल, इतकेच. दोन्ही एकदम घेण्याची घाई नको. माझ्या मते आधी हार्ड डिस्क घेऊन पीएस४ चे सगळे गेम बाहेर हलवा आणि आत किती जागा मोकळी होते ते पाहा. कदाचित वाद तिथेच मिटेल.

यूएसबी डिस्क २५० जीबी ते ८ टीबी या मर्यादेतील असावी, ती हबमधून (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीतून) न जोडता थेट जोडावी आणि शक्यतो मागच्या पोर्टला लावावी. तुमच्या मॉडेलच्या पुढच्या बाजूचे चौकोनी पोर्ट जुन्या, मंद यूएसबी २.० चे आहे. ते फक्त कंट्रोलर चार्ज करण्यापुरते ठेवा.

सातपूर यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. एम.२ घेण्याची वेळ आली, तर दुकानात फक्त 'एनव्हीएमई (अशा वेगवान एसएसडीचा प्रकार) द्या' म्हणून चालणार नाही, कारण लॅपटॉपसाठीचे स्वस्त जेन ३, म्हणजे आधीच्या पिढीचे एसएसडी दिसायला अगदी तसेच असतात. पीसीआयई जेन ४ प्रकारचा, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक वाचनवेग असलेला आणि हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या आवरणासह) असलेला एसएसडी मागा. हीटसिंक ऐच्छिक नाही. सोनीनेच तो आवश्यक ठरवला आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्याची गरज पटते. मात्र तो फार जाडही नको : हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत आणि रुंदी २५ मिलिमीटरपर्यंत असावी. संगणकासाठीचे काही उंच, पंखे लावलेले हीटसिंक कन्सोलमधील एसएसडीच्या खाचेत बसत नाहीत.

बसवणे अवघड नाही. सिस्टीम अपडेट करून कन्सोल पूर्ण बंद करा, सर्व वायरी काढा, स्टँड काढून कन्सोल आडवा ठेवा आणि बाजूचे पांढरे कव्हर सरकवून काढा. आतल्या पत्र्याच्या झाकणाचा एक स्क्रू काढला की खाच दिसते. तिथला छोटा स्पेसर (स्क्रूखालची कडी) एसएसडीच्या लांबीच्या खुणेवर (बहुधा ८० वर) हलवून मग एसएसडी तिरपा सरकवावा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळावा. कन्सोल सुरू होताच फॉरमॅटची सूचना येते आणि त्यानंतर मोजलेला वाचनवेग पडद्यावर दिसतो. तो आकडा पाहिल्याशिवाय खरेदीचे बिल कपाटात ठेवू नका. कव्हर उघडलेच आहे, तर आतली धूळही काढून घ्या.

इंदिरानगर यांचे उत्तर

थोडे वेगळे मत मांडतो. घरी फायबर इंटरनेट असेल, तर काहीच न घेण्याचाही विचार करावा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबीचा गेम उतरण्यास सव्वादोन तास लागतात. रात्री लावून ठेवला की सकाळी तयार असतो. हार्ड डिस्कवरून तोच गेम आत आणण्यास हिशेबाने सतरा-अठरा मिनिटे पुरतात, हा फरक खरा आहे. पण तुमची मुले महिन्यातून एखाद्याच वेळी गेम बदलत असतील, तर त्यासाठी पैसे घालणे मला पटत नाही.

सिडकोकर

सर्वांचे आभार. आमची जोडणी ४० एमबीपीएसची असल्याने रात्रभराचा हिशेबही कधीकधी चुकतो, म्हणून आधी हार्ड डिस्कच घेईन. दोन शंका उरल्या. गेम बाहेर हलवल्यास मुलांची खेळातली प्रगती जाते का? आणि विजेचे काय?

गंगापूर रोड

प्रगती, म्हणजे सेव्ह डेटा, कन्सोलच्या आतच राहतो. गेम हलवला किंवा काढला तरी तो आपोआप पुसला जात नाही. पीएस४ गेमचा सेव्ह डेटा पेन ड्राइव्हवर घेता येतो. पीएस५ गेमचा तसा घेता येत नाही. त्यासाठी प्लेस्टेशन प्लसच्या सदस्यत्वातले क्लाउड स्टोरेज लागते.

गेम हलवत असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी कन्सोल डिस्क तपासून दुरुस्त करू पाहतो, पण अर्धवट हललेला गेम पुन्हा घ्यावा लागू शकतो. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावर यूपीएस मोडचा खटका आहे का ते पाहा आणि तो चालू ठेवा. नाहीतर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरात कन्सोल बंद पडतो. तुमच्या मॉडेलची कमाल वीजमागणी ३५० वॅट आहे. तीत टीव्ही आणि राउटर मिळवून इन्व्हर्टरला ते झेपते का, हे आधी तपासून घ्या.