सकाळी सगळे थिन क्लायंट एकदम चालू केले की अर्धे अडकतात (एलटीएसपी, २२ मशीन)

वर्धारोड_लॅब

नमस्कार. शाळेच्या लॅबमध्ये २२ थिन क्लायंट (स्वतःच्या डिस्कऐवजी सर्व्हरवरून चालणारी मशीन) आहेत, सगळे जुन्या बायोसचे आणि सगळे नेटवर्कवरून बूट होणारे. सर्व्हरवर उबुंटू आणि एलटीएसपी (एका सर्व्हरवरून सगळे क्लायंट चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम १६ जीबी. आयपी पत्ते राउटर वाटतो (डीएचसीपी). सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम फक्त प्रॉक्सी डीएचसीपी (बूट फाइलचं नाव सांगणं) आणि टीएफटीपी (ती फाइल पाठवणं) बघतो.

मे महिन्यात जुना साधा स्विच जळाला. त्याच्या जागी सेकंडहँड मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवला: १०० एमबीपीएसचे २४ पोर्ट, वर गिगाबिटचे (१००० एमबीपीएस) दोन पोर्ट. सर्व्हर गिगाबिट पोर्टवर आहे. जूनअखेरीस शाळा उघडल्यापासून हे चालू आहे:

सकाळी विजेचा मेन स्विच टाकला की ८-१० मशीन पीएक्सई-ई५३ किंवा पीएक्सई-ई५१ (नेटवर्क बूटचे एरर) दाखवून थांबतात. पाच मिनिटांनी रीस्टार्ट केलं की हा एरर जातो.

त्यातले काही पुढे जाऊन आयपीएक्सई या पुढच्या बूट प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर 'नो कॉन्फिगरेशन मेथड्स सक्सीडेड' म्हणतात.

जे बूट होतात त्यांच्यावर दहा पोरांनी एकदम ब्राउझर उघडला की माउस गोठतो आणि 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' येतं (एनएफएस म्हणजे सर्व्हरवरच्या फाइल क्लायंटला नेटवर्कवरून देणारी सोय).

खिडकीजवळचं एक मशीन रोज नेटवर्क बूट विसरतं.

सर्व्हर बदलून पाहायचा का? खर्च मंजूर करून घ्यायच्या आधी विचारतोय.

बुटीबोरी_नेटवर्क

सर्व्हरला हात लावू नका. तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन-चार वेगवेगळे आहेत आणि एकाच वेळी दिसत असल्यामुळे गोंधळ होतोय.

आधी हे लक्षात घ्या की एका बूटमध्ये क्लायंट तीन वेळा आयपी मागतो. पहिल्यांदा नेटवर्क कार्डातला पीएक्सई रॉम (नेटवर्क बूट सुरू करणारा कोड), मग आयपीएक्सई, मग लिनक्सचा कर्नल. मशीन यातल्या कोणत्या पायरीवर थांबलं ते कळलं की निम्मं काम झालं.

ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर कुणाकडूनच आलं नाही. ई५३ म्हणजे आयपी मिळाला, पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. तुमच्या मांडणीत आयपी राउटर देतो आणि फाइलचं नाव सर्व्हर देतो. म्हणून सकाळी ई५१ दिसला तर राउटर अजून उठलेला नाही किंवा स्विचचा पोर्ट उघडलेला नाही. ई५३ दिसला तर राउटर उठलाय, सर्व्हरवरचा डीएनएसमास्क अजून उठायचाय. विजेचा मेन स्विच टाकल्यावर क्लायंट अर्ध्या मिनिटात आयपी मागायला लागतात. सर्व्हरला तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी हा एरर जातो तो यामुळेच.

उपाय फुकट आहे. क्लायंटच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग 'पॉवर ऑफ'वर ठेवा, सर्व्हरची 'पॉवर ऑन'वर. राउटर, स्विच आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर घ्या. सर्व्हरचा लॉगिन स्क्रीन आल्यावरच क्लायंट सुरू करा, सहा-सहाच्या गटानं. लाईन गेली-आली की हाच क्रम.

एपॉप्टीस (लॅबमधली मशीन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातून वेक-ऑन-लॅननं, म्हणजे नेटवर्कवरच्या सिग्नलनं, सगळे उठवता येतात. मात्र पूर्ण वीज गेल्यानंतर काही कार्डं एकदा हातानं चालू केल्याशिवाय त्या सिग्नलला दाद देत नाहीत.

आता आयपीएक्सईवरचा एरर. हा नव्या स्विचमुळे आहे, माझी जवळजवळ खात्री आहे. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये डेटा गोल फिरत राहू नये, म्हणजे लूप होऊ नये, म्हणून असलेली सोय) चालू असतो. पोर्टवर लिंक आली की तो १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पोर्ट उघडतो. रॉम मानकानुसार ४, ८, १६ आणि ३२ सेकंदांच्या अंतरानं मागत राहतो, त्यामुळे तो कसाबसा निभावतो. पण आयपीएक्सई आला की कार्ड नव्यानं सुरू होतं, लिंक क्षणभर पडते आणि ते ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. आयपीएक्सई तेवढा दम धरत नाही.

खात्री करायची असेल तर अडकणाऱ्या एका क्लायंटच्या आणि भिंतीतल्या पॉइंटच्या मध्ये साधा ५ पोर्टचा स्विच लावा. क्लायंटची लिंक पडली तरी मोठ्या स्विचच्या बाजूची लिंक जिवंत राहते. असं लावून मशीन दरवेळी बूट झालं तर दोष स्पॅनिंग ट्रीचाच. मग क्लायंटच्या सगळ्या पोर्टांवर 'पोर्टफास्ट' किंवा 'एज पोर्ट' (न थांबता पोर्ट उघडणारी सेटिंग) चालू करा. कंपनीनुसार नाव बदलतं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र ते लावू नका, चुकून लूप झाला तर अख्खी लॅब बसेल. आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की सगळं पुसलं जातं.

धरमपेठ_सिस्टम

वरचं सगळं बरोबर. मी फक्त एनएफएसबद्दल लिहितो, कारण पोरांना रोज त्रास होतोय तो त्याचा.

सर्व्हरवर ईथटूल (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवून स्पीड किती दाखवतो ते बघा. वायर गिगाबिट पोर्टमध्ये आहे म्हणजे लिंक गिगाबिटच आहे असं नसतं. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टर दाबून बसवताना (क्रिम्पमध्ये) नीट बसली नसेल तर लिंक गुपचूप १०० वर उतरते, आणि स्विचवरचा दिवा तरी लागलेलाच असतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम १२.५ एमबी. २२ मशीनमध्ये वाटले तर प्रत्येकाला अर्धा एमबीच्या आसपास. इमेज (क्लायंटची अख्खी सिस्टम असलेली फाइल) एनएफएसवरून वाचली जाते, त्यामुळे ब्राउझर उघडणं म्हणजे तेवढ्या फाइल वायरवरून ओढणं. माउस गोठणारच.

कनेक्टर काढून उजेडात धरा. आपल्याकडे स्विचचा रॅक बरेचदा कूलरच्या समोर असतो. कूलरची दमट हवा आणि पाण्यातले क्षार चार महिने पिनांवर बसतात. सोनेरी पिनेवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो घासत बसू नका, टोक कापून नवा कनेक्टर क्रिम्प करा. आणि कूलरचा झोत रॅकवरून हलवा.

स्पीड १००० दिसत असूनही गोठत असेल तर फ्लो कंट्रोल तपासा. सर्व्हर गिगाबिट आणि क्लायंट १०० चे असले की एका क्लायंटचा बफर भरताच स्विच सर्व्हरला 'थांब' म्हणतो, आणि सर्व्हर त्या एकासाठी न थांबता सगळ्यांसाठीच थांबतो. स्विचवर सर्व्हरच्या पोर्टचं फ्लो कंट्रोल बंद करा. स्विचमध्ये सोय नसेल तर ईथटूलच्या मोठ्या ए पर्यायानं ऑटोनेग, आरएक्स आणि टीएक्स तिन्ही ऑफ करा. ही सेटिंग रीस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून सर्व्हर सुरू होताना आपोआप चालेल अशी ठेवावी लागते.

खिडकीजवळच्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल गेलाय. बायोसमध्ये तारीख मागे गेलेली दिसेल आणि त्याच्यासोबत बूटचा क्रमही मूळ पदावर आलेला. सीआर२०३२ घ्या, बर्डीवर (नागपूरची सीताबर्डी) कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. मल्टिमीटरवर जुना सेल २.८ व्होल्टच्या खाली भरला तर बदलाच.

वर्धारोड_लॅब

दोघांचेही मनापासून आभार. ईथटूलमध्ये १०० एमबीपीएस दाखवत होतं. कनेक्टर काढला तर ७ आणि ८ नंबरच्या पिनांवर हिरवा थर, आणि तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नाही. दोन्ही टोकं नव्यानं क्रिम्प केली, आता १००० आहे. २२ मशीनवर एकदम ब्राउझर उघडून पाहिला: थोडा वेळ लागला, पण एकही गोठलं नाही. फ्लो कंट्रोल तरीही बंद केलं.

मध्ये छोटा स्विच लावल्यावर अडकणारं मशीन पाचपैकी पाच वेळा बूट झालं. २२ पोर्टांवर एज पोर्ट लावून सेव्ह केलंय. सेलवर १.९ व्होल्ट होते, बदलला.

एकच राहिलं. या वर्षीच्या नव्या विद्यार्थ्यांची खाती सर्व्हरवर उघडली आहेत. सर्व्हरवर बसून लॉगिन होतं, क्लायंटवर 'इनकरेक्ट पासवर्ड' येतो. जुन्या विद्यार्थ्यांना काही अडचण नाही.

बुटीबोरी_नेटवर्क

भाऊ, खाती उघडल्यावर 'एलटीएसपी इनिटआरडी' ही आज्ञा चालवायची राहिली असेल. वापरकर्त्यांची यादी क्लायंटला त्या आज्ञेनं बनणाऱ्या छोट्या इमेजमधून मिळते. ती जुनी असेल तर क्लायंटच्या लेखी नवीन पोरं अस्तित्वातच नाहीत. एलटीएसपीची कॉन्फ फाइल बदलली किंवा पॅकेज अपडेट झालं तरी तीच आज्ञा पुन्हा. मोठी इमेज नव्यानं बनवायची गरज नाही. ती नवीन सॉफ्टवेअर टाकल्यावरच. आज्ञा चालवल्यावर क्लायंट रीस्टार्ट करा, कारण चालू मशीनच्या मेमरीत जुनीच यादी असते.