सुया, औषधे आणि फवारणीच्या बाटल्या वेगळ्या ठेवण्याबाबत

सचिव: नमस्कार मंडळी. आज सकाळी घंटागाडीवरच्या ताई आपल्या सुक्या कचऱ्याची गोणी रिकामी करत असताना इन्सुलिनची सुई त्यांच्या तर्जनीत खोल रुतली. वॉचमनने त्यांचा हात नळाखाली साबणाने धुवायला लावला आणि मी त्यांना तसेच रुग्णालयात नेले, कारण अशा वेळी एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध लागलेच, तर ते शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. सुया, मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट, सेल, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे वेगळे द्यायचे, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलेले होते. आपण ते मनावर घेतले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

फ्लॅट ३०२: सचिवसाहेब, ती सुई माझ्या आईचीच असणार. टोपण लावून टाकतो म्हणून मी निर्धास्त होतो. ते गोणीत निघाले असावे. आईच्या रक्ताची तपासणी आजच करून घेतो, म्हणजे ताईंच्या डॉक्टरांना पुढचे ठरवता येईल. सगळा खर्च माझ्याकडे राहू द्या.

फ्लॅट १०१: कपाशीच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या मी चोपड्याच्या शेतातून फिनेल भरायला आणतो. तीनदा धुतल्यावर तरी चालतात ना?

सचिव: नाही नाना, त्या घरात आणूच नका. बाटली शेतातच तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे, आणि नंतर तिला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही.

फ्लॅट ४०४: माझ्याकडे फुटलेली ट्यूब आहे. झाडून घेऊ का?

सचिव: काकू, झाडू नका. तिच्यात पारा असतो. पंखा बंद करा, खिडक्या उघडून दहा मिनिटे खोलीबाहेर थांबा, मग पुठ्ठ्याने काचा उचला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत ठेवा. जुन्या औषधांच्या बाटल्याही बेसिनमध्ये ओतू नका. उद्यापासून जिन्याखाली लाल पिंप असेल. गच्चीवर ते ठेवणार नाही, कारण आपल्याकडच्या वैशाखात तिथे मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या पेट घेऊ शकतात. सुया मात्र जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावूनच आणाव्यात.

फ्लॅट ३०२: आईचा अहवाल आला, एचआयव्ही आणि कावीळ दोन्हींच्या चाचण्या निगेटिव्ह आहेत, तो रुग्णालयात देऊन आलो. ताईंची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे, त्या दिवशी मी स्वतः त्यांच्यासोबत जाईन.